तिवा दिवाळीनंतरही का येतोय?

प्रश्न निपाणीजवळच्या एका तरुण दूध उत्पादकाचा आहे. गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन पंढरपुरी म्हशी आणि घरची खिलार बैलजोडी. ते विचारतात: पूर्वी तिवा (जनावराला जागेवर बसवणारा तीन दिवसांचा ताप) पावसाळ्यात यायचा आणि नवरात्राच्या आसपास संपायचा. आता दिवाळी झाली तरी गाई बसतात. मधेच लंपी (अंगावर गाठी आणणारा रोग) येऊन गेली. हे सगळं हवामान बदलल्यामुळे का? आणि तसं असेल तर आमच्या हातात काय उरतं?

आधी सरळ उत्तर देतो. तिव्याचा हंगाम लांबतोय त्यात हवामानाचा हात मोठा आहे, असं माझं मत. लंपी आपल्या दारापर्यंत आली त्यात मात्र हवामानापेक्षा जनावरांच्या ने-आणीचा वाटा जास्त. आणि तुमच्या हातात बरंच काही उरतं, कारण डासाला आभाळातून पडलेलंच पाणी लागतं असं कुठं आहे? गोठ्यामागचं गटारही त्याला चालतं.

तिवा हा विषाणूचा आजार. डास आणि त्यांच्याहून बारीक, एक ते तीन मिलिमीटरची चिलटं तो पसरवतात. आजारी गाय शेजारच्या गाईला चाटली, दोघींनी एकाच गव्हाणीत वैरण खाल्ली, म्हणून तिवा लागत नाही. मधे कीटक लागतोच. म्हणजे आजाराचं वेळापत्रक कीटक ठरवतो आणि कीटकाचं वेळापत्रक हवा-पाणी.

आता यात ऊब काय करते ते बघा. डासाने किंवा चिलटाने आजारी गाईचं रक्त प्यायलं की विषाणू त्याच्या पोटात जातो. त्याच दिवशी तो दुसऱ्या गाईला चावला तरी सहसा काही होत नाही. विषाणूला त्याच्या पोटातून निघून, वाढत वाढत लाळेपर्यंत पोचावं लागतं. पंचवीस-तीस अंशांच्या हवेत हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत उरकतो. हवा गार असली की तो लांबत जातो आणि तोवर बहुतेक कीटक मरून गेलेले असतात. निळी जीभ (ब्लूटंग) या मेंढ्यांच्या आजाराचा विषाणू तर साधारण १२ अंशांच्या खाली चिलटाच्या अंगात वाढतच नाही. दुसरीकडे उबेत डासाची अंड्यापासून पूर्ण वाढही सात-दहा दिवसांत होते, थंडीत त्याला दुप्पट किंवा जास्त दिवस लागतात. डास लवकर तयार होतो, लवकर लागट होतो आणि रक्त पचवून पुन्हा लवकर चावायला येतो. या तिन्ही गोष्टींचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे.

पण म्हणून "उष्णता वाढली की रोगराई वाढली" असं सरसकट म्हणू नका. पस्तीस अंशांच्या वर डासाचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. अथणी-कागवाडकडचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, तेव्हा उघड्या माळावर डास टिकत नाही. तो भाजून काढणारा उन्हाळा म्हणजे तिथल्या जनावरांचं एक प्रकारे संरक्षणच होतं. आमच्या बेळगाव-खानापूरकडे संरक्षण होतं ते हिवाळ्याचं. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचं बेळगाव, "गरिबांचं महाबळेश्वर" म्हणून ओळखलं जाणारं. दिवाळीनंतर रात्री अशा गार पडायच्या की चिलटांचा कारभार आपोआप आटपायचा. चिलटं चावतात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. त्यामुळे दुपारचं कमाल तापमान वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात येत असलं तरी आपल्याला बघायचं ते रात्रीचं किमान.

देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. ऐकून माणसं म्हणतात, एवढ्याशानं काय होतंय! भर पावसाळ्यात खरंच काही फारसं होत नाही; तेव्हा हवा तशीही कीटकांना मानवणारी असते. फरक पडतो तो हंगामाच्या कडेला. कार्तिकातल्या ज्या रात्री कीटकाला थोपवण्याइतक्या गार असायच्या, त्यातल्या काही आता तेवढ्या गार नसतात. तुमच्या गाई दिवाळीनंतर बसतात त्याचं एक उत्तर इथं आहे.

दुसरं उत्तर पावसात. आपल्याकडे पाऊस नक्षत्रांवर मोजतात, आणि जुन्या माणसांना विचारा, तक्रार एकच: मृग कोरडा जातो, मधे मोठी उघडीप पडते आणि हस्त-चित्रा धो धो कोसळतात. मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं अभ्यासातून पुढे आलं, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या जोरदार लाटा आहेत. हस्ताचा पाऊस सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो, चित्रा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जाते. तेव्हा साचलेल्या पाण्यात वाढलेले डास दिवाळीच्या तोंडावर उडायला लागतात. त्यानंतर गाईच्या अंगात आजार दिसायला आणखी काही दिवस. हिशेब जुळतो की नाही बघा.

मोठ्या पुराबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा गावांत शिरल्या तेव्हा पाणी असेपर्यंत डासांचा त्रास तितका नव्हता. वाहतं पाणी अळ्या धुऊन नेतं. खरी वेळ येते ती पूर ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा उसाच्या सऱ्यांत, विटांच्या खड्ड्यांत, पडक्या गोठ्यात थांबलेलं पाणी कुजायला लागतं आणि निवारा केंद्रात दाटीवाटीने बांधलेली, अर्धपोटी जनावरं एकाच ठिकाणी डासांच्या हजार माद्यांना रक्त पुरवतात. चिकोडी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी पुरानंतर पंचनाम्याची घाई करावीच, पण तिसऱ्या आठवड्याची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

कोरड्या वर्षी सुटका होते म्हणाल, तर तसंही नाही. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. अशा वर्षी माणूस पाणी साठवतो. गोठ्याकडेला बॅरल, सिमेंटचा हौद, प्लास्टिकच्या टाक्या. स्वच्छ, झाकण नसलेल्या साठ्यात वाढणाऱ्या डासाला याहून चांगली जागा मिळणार नाही. तलाव आटतात तसा काठाचा चिखल उघडा पडतो, त्यात गुरांच्या खुरांचे खड्डे आणि शेण. चिलटांना हेच हवं. भर म्हणजे, दोन-तीन वर्षं तिवा कमी आला की त्या काळात जन्मलेल्या आणि बाहेरून विकत आणलेल्या जनावरांना त्याची ओळखच झालेली नसते. मग एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षी साथ उसळते. दुष्काळानंतरच्या पहिल्या भरघोस पावसाळ्याला मी जास्त घाबरतो.

यात आपली भरही आहे, ती झाकून उपयोग नाही. कृष्णा आणि घटप्रभेच्या पाण्यावर ऊस वाढला, हिडकल धरणाचं पाणी कालव्यांनी पोचलं. त्यातून संसार उभे राहिले. त्याबद्दल वाद नाही. पण पाट-पाण्याच्या उसात बारमाही ओल असते आणि वाढलेल्या उसाच्या आत बाहेरच्यापेक्षा हवा गार व दमट राहते. अथणीच्या उन्हाळ्याने मारायचा तो डास आता उसात दुपार काढतो. शिवाय गोठ्यात देशी जनावराच्या जागी जड अंगाची, जास्त दुधाची संकरित गाय आली, आणि तिव्याचा सगळ्यात जास्त मार अशाच गाईला बसतो. गाई बसण्याचं प्रमाण वाढलं त्यात हवामान किती आणि आपली निवड किती, हे वेगळं करून सांगणं कठीण आहे. दोन्ही आहेत. म्हशीला तिवा झाला तर बहुधा सौम्य होतो, हे तुमच्या दोन म्हशींकडे बघून लक्षात आलं असेलच.

हवामान आणि कीटकजन्य आजार यांचं नातं जगात सर्वांत स्पष्ट दिसलं ते युरोपात, मेंढ्यांच्या निळ्या जिभेत. हा आजार तिकडे दक्षिण टोकाला कधीतरी डोकावून जायचा. १९९८ पासून तो भूमध्य समुद्राच्या काठाने पाय रोवू लागला आणि २००६ च्या कडक उन्हाळ्यात थेट नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत पोचला. तिथल्या चिलटांच्या स्थानिक जातीच विषाणू वाहू लागल्या. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याचा आणखी एक उपप्रकार आला. गार देशात कीटक आधीपासून होतेच. विषाणू वाढण्याइतकी ऊब तेवढी कमी होती.

आपल्याकडे निळी जीभ नवी नाही. भारतातली पहिली नोंद १९६४ ची, तीही महाराष्ट्रातली, आणि आजवर देशात या विषाणूचे वीसहून जास्त उपप्रकार सापडलेत. दख्खनी मेंढरं घेऊन रायबाग, अथणी, चिकोडीकडचे धनगर पाऊस-चाऱ्यामागे फिरतात, रानात मेंढरं बसवतात. काळ्या रानात पावसाची रिपरिप लांबली की तोंड सुजलेली, ओठ जाड झालेली, खुराच्या वरच्या कडेला लाल पट्टा पडून लंगडणारी मेंढी दिसते. याला लाळ्या-खुरकूत समजून सोडून देणारे पुष्कळ. पाऊस लांबला तर तळ हलवायचा दिवस पुढे जातो आणि ओल्या जागी मुक्काम वाढतो. धनगरांच्या बाबतीत हवामान बदल असा पायाखालून येतो.

आता लंपी. ही गोष्ट वेगळी आहे. हा आजार १९२९ मध्ये आजच्या झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला, कित्येक दशकं आफ्रिकेत राहिला, मग पश्चिम आशिया, तुर्कस्तान, बाल्कन देश असं करत २०१९ मध्ये बांगलादेशात आणि त्याच वर्षी ओडिशात आला. २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी तो बघितला. बाजार बंद, जत्रेत गुरं आणायला बंदी. लंपीचा विषाणू डासाच्या पोटात वाढायला थांबत नाही. डास, गोठ्यातली चावरी माशी, गोचीड यांच्या तोंडाला लागून तो एका गाईवरून दुसरीवर जातो. माशी एका गावातून फार तर शेजारच्या गावात जाईल. शेकडो किलोमीटरची उडी जनावर भरलेला टेम्पोच मारतो. पावसाळी दमट हवेत माशा-डास वाढले की गावातल्या गावात पसरण्याचा वेग वाढतो, एवढाच हवामानाचा भाग. "लंपी हवेतून आली" असं म्हणणाऱ्यांना विचारा, त्या महिन्यात गावात नवीन जनावर कुठून आलं होतं.

सीमाभागात हा मुद्दा जास्त टोचतो. राज्याच्या सीमेवरचा कागल-कोगनोळीचा नाका माणसांना दिसतो, डासांना नाही. नातेवाईक पलीकडे, बाजार पलीकडे, दूध कधी या संघाला कधी त्या संघाला. माघात चिंचलीच्या मायाक्का देवीच्या जत्रेला महाराष्ट्रातून बैलगाड्या येतात. आणि ऊसतोडीच्या टोळ्या बैलांसकट दिवाळीच्या सुमारास उतरतात. पूर्वी या टोळ्या येईपर्यंत चिलटांचा हंगाम ओसरत आलेला असायचा. आता बैल येतात तेव्हा कीटक जिवंत असतात. बाहेरचा विषाणू, इथलं ओळख नसलेलं जनावर आणि मधला कीटक तिघेही एका वेळी एका फडावर. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत आपल्या भागाने सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते इथं. टोळीच्या बैलांना गावच्या गोठ्यांपासून लांब तळ द्या, आल्यावर दोन आठवडे त्यांच्यावर नजर ठेवा. दोन राज्यांची दोन पशुसंवर्धन खाती, मोहिमांच्या तारखा वेगवेगळ्या. पण कानातला बारा अंकी बिल्ला देशभर एकच आहे. विकत घेताना तो बघा आणि लस कधी टोचली ते दवाखान्यातून तपासून घ्या.

गोठ्यात काय करायचं?

मुरघास (खड्ड्यात दाबून टिकवलेला हिरवा चारा) करता ना? खड्ड्यावरच्या प्लास्टिकवर दाब म्हणून जुने टायर टाकलेले असतात. त्यात पावसाचं पाणी साठतं. मी ज्या ज्या गोठ्यात डासांची तक्रार ऐकतो तिथं आधी हे टायर बघतो. त्यांना खालून भोकं पाडा किंवा त्याऐवजी वाळूची पोती ठेवा. हौद, बॅरल आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामे करून घासायचे. सात दिवसांच्या आत पाणी बदललं तर अळीचा डास होत नाही. मोठा हौद रिकामा करणं जमत नसेल तर गप्पी मासे सोडा. गोबरगॅसच्या स्लरीच्या खड्ड्याची कड, मुताचं गटार, उकिरड्याचा पायथा ही चिलटांची जागा. गटाराला उतार द्या, उकिरडा गोठ्यापासून दूर न्या आणि पावसाळ्यात झाका.

साधी मच्छरदाणी लावली की डास अडतात, चिलटं मात्र छिद्रातून आत येतात. पंखा त्याहून उपयोगी. चिलट दुबळं उडतं, वाऱ्याच्या झोतात त्याला बसता येत नाही. संध्याकाळी सहापासून पहाटेपर्यंत गाईंच्या अंगावर वारा राहील असे दोन पंखे औषधाच्या फवाऱ्यापेक्षा जास्त काम करतात, आणि गाईला उष्म्याचा त्रासही कमी होतो. वीज रात्री कितीदा जाते हे मला सांगू नका, मीही इथंच राहतो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर तासभर उपयोगी पडतो, पण बंद गोठ्यात धूर कोंडला तर वासरं खोकायला लागतात. फ्लुमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं डॉक्टरला विचारून, बाटलीवरच्या प्रमाणातच वापरा. ही पाण्यातल्या मासळीला विष आहेत. अंगाला लावून गाय धुतलेलं पाणी गप्पी माशांच्या हौदात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. आणि शेतातलं कीटकनाशक गोठ्यात मारायचं धाडस कुणी करू नये.

लंपीची लस निरोगी जनावराला पावसाळ्याआधी टोचा. आपल्याकडे वापरली जाते ती शेळ्यांच्या देवी रोगावरची लस, उत्तरकाशी स्ट्रेनची. अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून कर्नाटकी बेंदूर (ज्येष्ठातला बैलांचा सण) येईपर्यंत थांबू नका, त्याच्या महिनाभर आधी टोचून घ्या. मेंढरांसाठी निळ्या जिभेची पाच उपप्रकारांची मृत लस मिळते, तीही पावसाआधी. तिव्यासाठी मात्र आपल्याकडे अशी मोहीम नसते, तिथं कीटक आवरणं आणि वेळेवर उपचार एवढंच.

तिवा झाल्यावरची एक चूक मी अजून बघतो. गाय बसली की लोक नळीने किंवा बाटलीने काढा, गूळपाणी, तेल पाजतात. तिव्यात गिळायची ताकद गेलेली असते. पाजलेलं फुप्फुसात जातं आणि तीन दिवसांत उठणारी गाय न्यूमोनियाने मरते. तोंडाने काही पाजायचं नाही. सावली, खाली जाड वैरणीची गादी, पाणी तोंडापाशी, दर काही तासांनी कूस बदलणं. ताप-दुखीचं इंजेक्शन आणि शिरेतून कॅल्शियम डॉक्टरच्या हातून. बैल उठून चालायला लागला म्हणून लगेच औताला जुंपू नका, किमान आठवडाभर सक्त विश्रांती. नाहीतर पुन्हा बसतो. गाभण गाय गाभडू शकते, वळू काही महिने फळत नाही, आणि दूध काढणीच्या शेवटच्या टप्प्यातली गाय त्या वेतात बहुधा पूर्वीच्या दुधावर येत नाही. त्याचा हिशेब आधीच धरा.

हवामान बदलाची एक बाजू मात्र आपल्या उपयोगाची आहे: जे हवेवर चालतं त्याचा अंदाज बांधता येतो. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली ताप नावाचा, डासांमुळे पसरणारा आजार आहे. भारतात तो नाही. १९९७-९८ मध्ये एल निनोच्या पावसानंतर तिथं मोठी साथ आली. २००६ मध्ये समुद्राचं तापमान आणि हिरवळीची उपग्रहचित्रं बघून शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिला आणि डिसेंबरात केनियात साथ आलीच. आपल्याकडे बेंगळुरूच्या येलहंका इथली निवेदी ही राष्ट्रीय संस्था निळी जीभ, सर्रा, थायलेरिया, बबेशिया अशा आजारांचे जिल्हावार अंदाज दोन महिने आधी देते. दूध संस्थेच्या सचिवांनी ते दर महिन्याला बघून फलकावर लावले तर कुणाचं काही बिघडणार नाही.

आणि तुमचं एक काम. दिवाळीनंतर बसलेल्या गाईला खरंच तिवाच झाला की नुसती कॅल्शियमची कमतरता, की गोचिडाचा ताप, हे रक्त तपासल्याशिवाय ठरत नाही. तिव्याचा विषाणू रक्तात थोडेच दिवस असतो. ताप असताना, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच, जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायला सांगा. गाय उठून चरायला लागल्यावर घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडत नाही. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन कराल तेव्हा ताप कधी चढला, गाय विकत घेतलेली की घरची, आणि मागच्या तीन आठवड्यांत गावात मोठा पाऊस कुठल्या दिवशी झाला, या तीन गोष्टी डॉक्टरला सांगा.